टरफलं फेकू नोको

२०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. वणीत त्या आठवड्यात थंडी कडाक्याची पडली होती. सकाळी पिंजऱ्यावरची चादर काढली, तर चिंगी दांडीवर नव्हती. खाली कोपऱ्यात पिसं फुलवून बसली होती. पाय फाकलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत होती. वरच्या दांडीवरून तिचा जोडीदार निळू तिला सारखा साद घालत होता. एरवी हात आत घातला की बोटाला चोच मारणारं हे पाखरू त्या दिवशी मुकाट्यानं माझ्या तळहातावर आलं.

पोटाखालून हळूच बोट फिरवलं, तेव्हा शेपटीच्या अलीकडे फुगवटा लागला. अंडंच होतं, पण टणक नव्हतं. बोटाखाली दबत होतं.

ही जोडी लेकीनं वर्षभरापूर्वी हट्टानं घ्यायला लावली होती. बाजारात यांना लव्हबर्ड म्हणतात. खरं नाव बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियातले. मी लहान असताना घरोघरी पिंजऱ्यात मिठू असायचा. आपल्याकडचा रानातला पोपट असा कोंडून ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे लेकीला शाळेत कळलं होतं. म्हणून हे परदेशी, पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले पक्षी. आम्ही पिंजऱ्यात एक मडकं बांधून दिलं होतं. चिंगीनं सहा महिन्यांत दोनदा अंडी घातली, पिल्लं वाढवली, आणि ही तिसरी खेप होती. आम्हाला त्याचं कोण कौतुक!

माझी भाची तेव्हा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती. तिला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मावशी, अंडं अडकलंय तिचं. आधी ऊब दे आणि लगेच दवाखान्यात ने." बुटाच्या खोक्यात गरम पाण्याची पिशवी ठेवली, वर जाड कापड, त्यावर चिंगी, आणि निघालो. डॉक्टरांचा रोजचा हात गाईम्हशींवर आणि बकऱ्यांवर चालणारा. तरी पस्तीस ग्रॅमच्या त्या जिवासाठी जे करता येईल ते त्यांनी केलं. चिंगी दुपारपर्यंत टिकली नाही.

संध्याकाळी भाचीचा परत फोन आला.

"मावशी, खायला काय देत होतीस तिला?"

"राळं, बाजरी. कधी कोथिंबिरीची काडी."

"आणि कॅल्शियम?"

"ते वेगळं द्यावं लागतं?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अंड्याचं कवच करायला तिच्या अंगात चुनाच उरला नव्हता गं."

हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. मी चुन्याच्या गावात जन्मले, चुन्यावर वाढले.

माझं माहेर राजूर. वणीपासून जवळच, कोळशाच्या खाणीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं गाव. आमच्या या सगळ्या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडक पसरलेला आहे. भूगर्भशास्त्रात त्याला पैनगंगा समूहाचा खडक म्हणतात. पृथ्वीवर पक्षी यायच्या कितीतरी आधी समुद्राच्या तळाशी साचलेला हा दगड. शिंदोल्याला त्याच्या खाणी आहेत, मुकुटबनला त्याच्यावर सिमेंटचा कारखाना उभा राहिला आहे.

बाबा भट्टीवर होते. फोडलेल्या चुनखडीचा एक थर, कोळशाचा एक थर, असं रचत न्यायचं आणि पेटवून द्यायचं. भाजून निघालेला दगड पांढराफटक आणि हातात घेतला तर नवल वाटावं इतका हलका होतो. तो कळीचा चुना. त्यावर पाणी ओतलं की तो खदखदतो, वाफा टाकतो, तडकत तडकत फुटतो आणि त्याची मऊ फक्की होते. बाबांच्या बोटांना बारा महिने भेगा असायच्या. रात्री आई त्यांत कोमट खोबरेल सोडायची. अंगणातल्या तुळशीच्या पानांवरही पांढरी भुकटी बसलेली असायची.

त्याच अंगणात आजीच्या सात-आठ गावरान कोंबड्या होत्या. एखादी कोंबडी भिंतीच्या पायथ्याशी सुटलेल्या चुन्याच्या पोपड्यांना टोचे मारायला लागली की आजी आईला हाक मारून सांगायची, "भिंत खाऊन राह्यली नं थे, म्हंजे आता अंड्यावर आली." आणि तिचा अंदाज चुकत नसे. घरात अंडी फोडली की टरफलं आजीच्या ताब्यात जायची. स्वयंपाक उरकल्यावर चुलीतल्या आरावर ती थोडा वेळ ठेवायची, वाळून कडकडीत झाली की दगडानं ठेचून तांदळाच्या कण्यांत मिसळायची. मी एकदा घाईनं अर्धं टरफल तसंच कोंबड्यांपुढे टाकलं, तर धावत येऊन तिनं ते उचललं. "अख्खं टाकू नोको पोरी. अंड्याची ओळख पटली तं स्वताचंच अंडं फोडून खाते थे." आणि ठेचलेली टरफलं मुठीत देत म्हणाली, "पण फेकूही नोको. कोंबड्याइचं कोंबड्याइले दे."

मी तेव्हा दहा वर्षांची असेन. लग्न होऊन वणीत आले, कोंबड्या सुटल्या, चूल सुटली. पुढची तीस वर्षं आमच्या घरची टरफलं घंटागाडीत जात राहिली. चिंगीच्या पिंजऱ्यापासून चार हातांवर स्वयंपाकघर होतं. तिला जे हवं होतं ते त्या ओट्यावर दर दोन दिवसांनी फुटत होतं, आणि मी ते उचलून कचऱ्यात टाकत होते.

पुढच्या सुट्टीत भाची आली, तेव्हा मी वही घेऊन तिच्यासमोर बसले. तिनं सांगितलेलं मला अजून पाठ आहे. कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तिच्या सबंध सांगाड्यात २० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्रत्येक अंड्यामागे हाडांतल्या साठ्याच्या दहाव्या हिश्शाइतका ऐवज अंगातून बाहेर जातो. अंड्यावर येण्याआधी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास, भुसभुशीत हाड तयार होतं. ती तिची तात्पुरती तिजोरी. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा वेळ रात्रीचा, पोट रिकामं असतानाचा. तेव्हा ती या तिजोरीतून काढून अंड्याला देते. दिवसा खाण्यातून भरपाई झाली तर ठीक. नाही झाली तर पुढचं अंडं हाडांवर निघतं.

"आणि हे सगळं सरलं की?" मी विचारलं.

"कॅल्शियम फक्त कवचाला लागत नाही मावशी. स्नायू आवळायलाही लागतं. ते कमी पडलं की कवचही नीट होत नाही आणि अंडं बाहेर ढकलायची ताकदही राहत नाही. चिंगीचं तेच झालं. त्यात लागोपाठ तिसरी खेप, आणि वरून थंडी."

बजरीगर एका खेपेत चार ते सहा अंडी देते, एक दिवसाआड एक. आणि आम्ही तिला देत होतो राळं नि बाजरी. १०० ग्रॅम बाजरीत कॅल्शियम जेमतेम ४० मिलिग्रॅम असतं आणि फॉस्फरस त्याच्या सहा-सात पट. हा जास्तीचा फॉस्फरस आहे ते कॅल्शियमही अंगी लागू देत नाही. दाणे सोलून पोटभर खाणारा पक्षी आतून उपाशी राहू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी चूक पिंजऱ्याच्या जागेची. वणीत कोळशाची धूळ इतकी की रस्त्याकडची खिडकी आम्ही बारा महिने काचेनं बंद ठेवतो. पिंजरा त्या खिडकीशी होता. उजेड भरपूर यायचा, म्हणून मी निर्धास्त होते. पण खाल्लेलं कॅल्शियम रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातल्या ज्या किरणांनी तयार होतं ते किरण काच अडवते. काचेआडचं ऊन चिंगीच्या काही कामाचं नव्हतं.

शेजारच्या एका बाईंनी खर्र्याला लावतात तो ओला चुना पाण्यात कालवून द्यायला सुचवलं होतं. भाचीनं तिथंच हात जोडले. विझवलेला चुना जहाल असतो. माणसाचं तोंड तो सोलतो, तर एवढ्याशा पक्ष्याचं काय होईल! टरफल मात्र निरुपद्रवी. त्याचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आमच्या राजूरच्या न भाजलेल्या दगडात जे असतं तेच. हे ऐकून माझ्या मनात शंका आली. टरफल भाजलं तर त्याचाही कळीचा चुना होईल की काय? ही शंका मी बाबांना विचारली. वय ऐंशीच्या पुढचं, पण भट्टीची गोष्ट निघाली की खाटेवर उठून बसतात. म्हणाले, "दगड फुलाले नऊशे डिगरी लागते बाई. तव्यावर भट्टी लागत नसते. भाज बिनधास्त."

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. घरची टरफलं पुरत नाहीत, म्हणून बसस्थानकाजवळच्या ऑम्लेटच्या गाडीवरून आठवड्याला एक पिशवी आणते. पहिल्या दिवशी गाडीवाल्या दादांनी विचारलं, "ताई, या कचऱ्याचं काय करता?" सांगितलं, तर दुसऱ्या आठवड्यापासून ते स्वतःहून चहाची पत्ती न लागलेली, स्वच्छ टरफलं वेगळी ठेवू लागले. घरी आणली की आधी नळाखाली धुवायची. मग पातेल्यात बुडतील एवढं पाणी घालून दहा मिनिटं चांगली उकळायची. कच्च्या अंड्याच्या कवचावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, तेव्हा ही पायरी कधीच गाळायची नाही. उकळल्यावर आतला पापुद्रा सुटायला लागतो. सुटेल तेवढा काढते, उरला तरी बिघडत नाही. नंतर टरफलं तव्यावर मंद आचेवर पसरायची. थोड्या वेळानं त्यांचा आवाज बदलतो. आधी उलथन्यानं हलवली की ओलसर, बोथट वाजतात. सुकली की काचेच्या बांगड्यांसारखी किणकिणतात. तो आवाज आला की गॅस बंद. गार झाल्यावर खलबत्त्यात कुटायची. बजरीगरांसाठी बारीक रव्याएवढी, कोंबड्यांसाठी भरड. काचेच्या बरणीत कोरडी राहिली तर महिनाभर काही होत नाही.

निळूची नवी जोडीदार सोनी आमच्याकडे २०२१ मध्ये आली. पिवळ्या पिसांची, निळूपेक्षा अंगानं जराशी मोठी. यावेळी पिंजरा मागच्या अंगणातल्या ओसरीवर हलवला. तिथं सकाळचं कोवळं ऊन काचेविना येतं, आणि अर्ध्या भागावर सावलीही असते. एका वाटीत दाणे, एका वाटीत पाणी आणि तिसऱ्या छोट्या वाटीत टरफलाची भरड. भाचीनं बजावून सांगितलं होतं की दाण्यांत मिसळायचं नाही, वेगळं ठेवायचं. किती खायचं ते पक्ष्याला कळतं.

मला ते खरं वाटलं नव्हतं. म्हणून मी रोज सकाळी वाटी बघायचे. पहिले दोन महिने भरड जवळजवळ तशीच राहायची. निळू कधीतरी एखादा कण उचलायचा नि टाकून द्यायचा. मग सोनीच्या चोचीवरची त्वचा गडद तपकिरी व्हायला लागली. मादी अंड्यावर आल्याची ती खूण. आणि त्याच आठवड्यात वाटी रिकामी होऊ लागली. सोनी सकाळी दाण्यांच्या आधी तिथं जायची. एकेक कण जिभेनं चोचीत फिरवायची, करकर चावायची. ओसरीवर मी भाजी निवडत बसले असले तरी तो बारीक आवाज ऐकू यायचा. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा एक फेरी. मला राजूरच्या भिंतीला टोचे मारणाऱ्या कोंबड्या आठवल्या. त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

सोनीनं पाच अंडी दिली. मडक्यात विजेरीचा उजेड टाकून पाहिलं तर पाचही पांढरीशुभ्र, गुळगुळीत, टणक. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. चिंगीची आठवण येऊन डोळे भरले.

मागच्या गल्लीतल्या काकूंकडे दहा-बारा कोंबड्या आहेत. एका मे महिन्यात त्यांची अंडी हातात घेताच पिचकू लागली. पारा ४५ च्या पुढे गेला होता. उन्हाळ्यात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. त्या धापांबरोबर अंगातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट रक्तात कमी पडतं. भूक मंदावलेली असते ती वेगळीच. काकूंना मी भरडाची बरणी दिली आणि संध्याकाळी खुराड्यात कोंडायच्या आधी टाकायला सांगितलं, म्हणजे जाडसर कण पोटात रात्रभर हळूहळू विरघळत राहतात, नेमके कवच चढायच्या वेळी. खुराड्यावर ओलं पोतं आणि सावलीत गार पाणी, हेही सोबत. अंडी आठवड्याभरात सावरली. पण रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साडेतीन-चार ग्रॅम कॅल्शियम लागतं. तेवढं घरच्या टरफलांतून निघत नाही, म्हणून काकू आता खाद्याच्या दुकानातून शिंपल्यांची भरडही आणतात.

रानातल्या पाखरांचीही हीच ओढ असते. नेदरलँड्समध्ये आम्लपावसानं जंगलातल्या मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं आणि गोगलगाई कमी झाल्या. त्यांच्या शंखांवर अवलंबून असलेल्या चिमणीएवढ्या पक्ष्यांची अंडी पातळ, सच्छिद्र निघू लागली. संशोधकांनी घरट्यांजवळ शंखांचे आणि कोंबडीच्या टरफलांचे तुकडे ठेवले, तर अंडी सुधारली. १९९४ साली हे काम 'नेचर'मध्ये छापून आलं. भाचीनं हे सांगितल्यापासून मी फाल्गुनात कुंपणाच्या भिंतीवरही चिमूटभर भरड ठेवते. चिमण्या येतात. आमच्या नव्या भिंतींना चुना नाही, रंग आहे. त्यांनी तरी कुठून टोचून खावं?

एक गोष्ट कळकळीनं सांगते. टरफल म्हणजे औषध नव्हे. पक्षी तळाशी फुगून बसला, शेपटी हलवत कुंथू लागला, तर वाटीत भरड टाकून वाट बघू नका. ऊब द्या आणि डॉक्टर गाठा, तिथं तासांचा हिशेब असतो. कॅल्शियम भरवूही नका. अंड्यावर नसलेल्या पक्ष्याच्या आणि कोंबडीच्या पिल्लांच्या मूत्रपिंडाला ते जास्त झालं तर अपाय करतं. दुकानातलं समुद्रफेनही चालतं, तेही कॅल्शियम कार्बोनेटच. पण ऊन आणि विश्रांती कुठल्याच वाटीत मिळत नाही. सोनीच्या दोन खेपांनंतर आम्ही मडकं काढून ठेवलं आणि ते वर्षभर परत बांधलं नाही. चिंगीला ती विश्रांती आम्ही दिली नव्हती.

सोनीच्या त्या पहिल्या खेपेची एक सकाळ राहून राहून आठवते. अठरा दिवस झाले होते. मडक्यातून बारीक चिवचिव आली, म्हणून लेकीला उठवून विजेरी घेऊन गेलो. करंगळीच्या पेराएवढं गुलाबी पिल्लू, डोळे मिटलेलं, मान डगडगत होती. शेजारी त्याच्याच कवचाचं अर्धुक पडलं होतं. अंड्यातल्या पिल्लाची हाडं त्या कवचातूनच चुना घेऊन घडतात. आतून ते झिजत जातं, तेव्हाच चिमुकल्या चोचीला फुटतं. म्हणजे सोनीनं दिलेलं आता त्या पिल्लाच्या पायांत, पंखांत होतं.

सोनी पुढे झाली. उरलेलं अर्धुक तिनं चोचीत धरलं आणि कडेकडेनं कुरतडायला सुरुवात केली. करकर, करकर. लेक म्हणाली, "आई, ती खातेय बघ."

"खाऊ दे," मी म्हटलं. "तिचं आहे ते."